नवव्या पायरीवरचं पाऊल

पाऊलबुवा त्या गेमच्या ऑफिसात शिरले तेच मुळी 'नाही' म्हणायच्या तयारीने. पडद्यावर माणूस चालला की स्टुडिओतल्या फळीवर बूट घालून त्याच्या पावलांचा आवाज काढायचा, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं आणि सगळे त्यांना पाऊलबुवाच म्हणू लागले. त्यातला एक सिनेमा लोकांनी अगदी डोक्यावर घेतला. शेवटच्या दृश्यात नायक वडिलांचं घर कायमचं सोडतो आणि जिना उतरतो. संवाद नाही, संगीत नाही. तेरा पायऱ्या आणि बुवांची पावलं, बस्स.

आता त्या सिनेमावर गेम निघत होता. निर्मात्याच्या वारसांनी हक्क देताना अट घातली होती की मूळ मंडळींपैकी कुणीतरी पाहून सही केल्याशिवाय गेम बाहेर काढायचा नाही. आणि मूळ मंडळींत आता बुवाच तेवढे उरले होते. याआधी असाच दुसऱ्या एका सिनेमावर गेम निघाला होता, तो त्यांनी पाहिला होता. त्यात नायकाच्या हाती चक्क बंदूक! सिनेमाभर ज्याने साधा डास मारला नाही, तो गच्चीवरून धडाधड गोळ्या झाडत होता. तेव्हा खवळलेलं बुवांचं पित्त दोन दिवस शांत झालं नव्हतं.

"आधी बघा तरी," बायकोने रस्त्यातच बजावलं होतं. "आत्तापासून एरंडेल प्यायल्यासारखं तोंड नको."

गेम करणाऱ्या मुलीने दोघांना खुर्च्या दिल्या. डोळ्यांखाली काळं, केसांत पेन्सिल खोचलेली, दीड वर्ष याच कामाला जुंपलेली. तिने बुवांच्या हातात बटणांचा तो डबा दिला आणि स्वतः मागे उभी राहिली. बुवांनी चाचपडत एक बटण दाबलं. नायक वडिलांच्या घरात चालू लागला.

दोन मिनिटांत बुवांचं तोंड उघडंच राहिलं. फरशीवरचं पाऊल वेगळं, सतरंजीवरचं दबकं, लाकडावरचं पोकळ, आणि एकूण एक पाऊल त्यांचं स्वतःचं! स्वयंपाकघराचं दार सिनेमातल्यासारखंच खाली घासत होतं. या गेममध्ये हरायचं-जिंकायचं काही नव्हतं. वडिलांच्या वस्तू एकेक करून खोक्यात भरायच्या आणि निघायचं. पोरीने जीव ओतला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बुवांना तिचं भारी कौतुक वाटलं.

मग जिना आला. एक, दोन, तीन. आठ. नववी पायरी मुकी. दहा.

बुवांनी डबा मांडीवर ठेवला. चौतीस वर्षांपूर्वी त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती, पाय अडखळला होता आणि नववं पाऊल पडलंच नव्हतं. पण दिग्दर्शक खूश होऊन "वा! झालं!" म्हणाले आणि बुवा मूग गिळून बसले. पुढे जाणकारांनी लिहिलं की त्या पायरीवर नायकाची आई बसायची, म्हणून तो तिथे पाय वाजवत नाही. बुवांनी तेही निमूटपणे वाचलं. आता गप्प राहिलं तर ही भली पोर चुकीलाच कला समजून जगभर वाटणार होती. सांगावं, तर तिचा हिरमोड.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "ती नववी पायरी... चुकलंय ते. माझं चुकलंय. आईबिई काही नाही गं, नाडी सुटली होती. एक फळी दे, आत्ता पाऊल वाजवून देतो."

"मला माहितीये, काका," ती म्हणाली.

तिने मूळ फीत लावली, आवाज वाढवला आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. सात. आठ. मग त्या रिकाम्या जागी, अगदी बारीक, "च्च!"

"कोण हे?" बुवांनी विचारलं.

बायकोने हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला आणि ती खुदकन हसली. "अहो, तुम्हीच की! चहात साखर कमी पडली की रोज हेच ऐकते मी."

"हे गेममध्येही ठेवलंयस?" बुवा तिच्याकडे वळले.

"सिनेमात आहे ना, मग ठेवायलाच हवं," मुलगी म्हणाली. "फार कुणाला ऐकू येणार नाही. पण तो घर सोडून एकटा उतरतो, तेव्हा त्याच्यासोबत तुम्ही उतरत होता, काका. तुम्हाला कसं काढून टाकू?"

बुवांनी जे आयुष्यभर लाजेने झाकलं, ते कुणीतरी इतक्या मायेने कान लावून ऐकलं होतं. त्यांनी सहीसाठी हात पुढे केला. मुलीने कागद दिला.

"करा सही," बायको हळूच म्हणाली. "पण आधी डोळे पुसा, कागद भिजतोय."