पाठ झालेली वाट

काकांवर ओरडायचं नाही, असं मी रोज सकाळी ठरवते आणि साडेदहाच्या आत ते मोडतं. त्या दिवशी मात्र आधी माझंच चुकलं. भिंगरीच्या डाव्या डोळ्यावर लावायची पट्टी मी उजव्यावर लावली.

भिंगरी आमच्या प्रयोगशाळेतली तीन वर्षांची कुत्री. तिच्या घराण्यात डोळ्यामागचा पडदा हळूहळू मरत जातो. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे, हाच बिघडलेला जनुक. भिंगरीच्या उजव्या डोळ्यात नवं औषध टोचलं होतं, डावा तसाच ठेवला होता. ते लागू पडलं की माणसांची पाळी, आणि यादीत भावाचं नाव. पण घेणार त्यांनाच, ज्यांना थोडं तरी दिसतंय. भावाला आता एखाद्या नळीतून दिसावं तेवढंच दिसत होतं.

चाचणी साधी. अंधुक उजेडाची खोली, वाटेत सहा आडव्या फळ्या, पलीकडे खाऊ. औषधाचा डोळा झाकलेला असूनही भिंगरी एकाही फळीला न धडकता पलीकडे पोचली. वर शेपटी हलवत उभी.

मी वाकून पट्टी पुन्हा तपासली.

"काका, फळ्यांच्या जागा शेवटच्या कधी बदलल्या होत्या?"

काका म्हणजे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस; कुत्र्यांचं सगळं तेच बघतात. प्रत्येक चाचणीआधी फळ्या हलवायच्या, हेही त्यांच्याकडेच.

"बिचारी नाक आपटून घ्यायची गं. बघवेना. मग हलवणंच सोडलं."

"कधीपासून?"

"झाले असतील तीन महिने."

तीन महिने! मी सेकंद मोजतेय, तक्ते भरतेय, मोठ्या डॉक्टरांना झकास आकडे पाठवतेय, आणि बाईसाहेब वाट पाठ करून बसलेल्या! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातलं आंधळं म्हणजे मीच. एकदा तरी फळ्यांकडे बघायला काय झालं होतं मला?

चिडचिड करत मीच फळ्या हलवल्या. औषधाचा डोळा उघडा ठेवला, तेव्हा भिंगरी थबकत, चाचपडत गेली आणि दोनदा धडकली. दुसऱ्या डोळ्यानं सहाच्या सहा फळ्यांवर आपटली. म्हणजे औषध लागू होतं, पण कळवलं होतं त्याच्या निम्मंही नाही.

"लागू आहे ना? मग कशाला कळवतेस?" काका म्हणाले. "भावाचा तरी विचार कर."

"त्याचाच करतेय! उद्या हीच सुई त्याच्या डोळ्यात जाणार आहे, काका!"

मी सगळं खरं लिहून पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: तीन महिन्यांचे आकडे रद्द, चाचण्या पहिल्यापासून, माणसांची तारीख सहा महिने पुढे. सहा महिने! तोवर भावाची नजर टिकेल असं त्याचा डॉक्टरही म्हणत नव्हता.

मी भावाला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. त्यानं पहिलं हेच विचारलं:

"काकांना खूप झापलंस?"

"पोटभर. आणि स्वतःलाही."

"त्यांना नको झापूस, ताई." मग अगदी सरळ आवाजात म्हणाला, "घरी सांग सगळ्यांना, आजपासून खुर्च्या-टेबलं जागची हलवू नका. दिसतंय तोवर मीही पाठ करून घेतो."