फोर्टीच्या नळीत नऊचं काडतूस

मोंटानातल्या त्या नेमबाजी क्लबात वेंडेलचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कुठल्या पिस्तुलाला कुठली नळी चालेल, हे विचारायला लोक लांबून गाडी हाकत येत. आता म्हाताऱ्याला नातवंडांची नावं आठवत नव्हती, काडतुसांची मापं मात्र तोंडपाठ. डॉक्टर म्हणाले, पिस्तूल काढून घ्या. त्याची मुलगी मार्ला, तिचे भाऊही तेच म्हणून तिचा जीव खात होते. त्यांचं काय जातंय बोलायला? शनिवारी सकाळी क्लबात तेवढा तिचा पूर्वीचा बाप तिला भेटायचा. तो आनंद ती कुठल्या तोंडाने हिरावणार?

मनगटं दुखायला लागली तेव्हा त्याला फोर्टीच्या जाड काडतुसाचा धक्का सोसेना. त्याच पिस्तुलाला नऊ एमएमची बारीक नळी बसवायची युक्ती त्याचीच. पिस्तूल एक, नळ्या दोन. भरण्याआधी नळीवरचं माप वाचायचं, हे त्यानंच मार्लाच्या डोक्यात भिनवलेलं. तरी त्या शनिवारी तिनं पाहिलं नाही. बापाचं पिस्तूल तपासायचं म्हणजे चारचौघांत त्याचा पाणउतारा.

वेंडेलचा पहिलाच बार फुसका निघाला. गोळी जवळच मातीत घुसली आणि काडतुसाची रिकामी पुंगळी उभी चिरून बाहेर पडली. देखरेखीवरचा ऑर्विल धावत आला.

"हात बघू. लागलं का?"

"मला काय धाड भरलीय?" वेंडेलनं पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं, पुंगळी उचलली आणि त्याचा चेहरा उजळला. "हे बघा. नऊचं काडतूस फोर्टीच्या नळीत. ढिलं बसलं, आधार नाही, म्हणून फुगून फाटलं. उलट असतं तर आत शिरलंच नसतं, वाचला असता गाढव. नळी बदलली तर काडतूसही बदला, किती वेळा सांगायचं?"

पिस्तूल पुसताना त्यानंच जुनी फोर्टीची नळी परत घातली असणार, हे सगळ्यांना कळलं होतं. मार्ला पिस्तुलाची पेटी घेऊन पुढे आली.

"कुणाचं पिस्तूल हे?" वेंडेलनं विचारलं.

"डॅडी, घरी चला."

"आधी नाव सांग. म्हातारा आहे का कुणी?"

"हो."

"मग त्याच्या पोरांना अक्कल नाही? अजून त्याच्या हातात देतात? उद्या शेजारचा मरेल."

मार्लानं पिस्तूल पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. "नाही देणार आता," ती म्हणाली.

"शहाणी माझी पोर." म्हाताऱ्यानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि हात पुढे केला. "चल, आता माझं दे. माझी पाळी आहे."