‘खाडीपलीकडची’चा खरा शेवट

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला आंबा कॅनिंगचा जुना कारखाना पाडायला घेतला, तेव्हा मालक विनोद सुर्वे यांना शीतगृहाच्या मागच्या खोलीत पत्र्याचे गोल, चपटे डबे सापडले. आंबट वास येत होता. रस नासला असेल म्हणून त्यांनी एक डबा उघडला, तर आत फिल्मचं रीळ. झाकणावर वडिलांच्या मित्राचं नाव होतं, हरिहर केळकर. त्यांनी रत्नागिरीत हरिहरांच्या मुलीला, उमाला, फोन लावला.

उमाचा आधी विश्वासच बसेना. चाळीसेक वर्षांपूर्वी बाबांनी अंजनवेलला ‘खाडीपलीकडची’ हा भुताचा सिनेमा केला होता. खाडीत बुडालेली मुलगी अवसेला गावात परत येते. सगळं गाव पळतं, पण आई तिला ओळखते आणि पान वाढून जेवायला बसवते, असा बाबांचा शेवट. निर्माता भडकला. “भुताला कोणी जेवायला वाढतं का? जाळा तिला!” आईचा सगळा भाग त्याने कापला आणि एक मांत्रिक घुसवला. सिनेमा तुफान चालला. बाबांनी मात्र तो पुन्हा पाहिला नाही. आपली एक प्रत त्यांनी कुठेतरी ठेवली होती, पण कुठे ते सांगायच्या आतच ते गेले.

त्या कापलेल्या भागाबरोबर गंगुबाईही सिनेमातून गेली. अंजनवेलची भातशेती करणारी बाई. आईचं काम तिनेच केलं होतं. गाववाले हौसेने सिनेमा पाहून आले आणि हसत म्हणाले, “गंगे, तू खंय दिसलीसच नाय गो!” त्यानंतर तिने तो विषयच टाकला.

पुण्याच्या प्रयोगशाळेत रिळं साफ व्हायला बरेच महिने लागले. काही ठिकाणी बुरशीने चित्र खाल्लं होतं, पण आईचा भाग शाबूत निघाला. उमा तडक अंजनवेलला गेली.

“गंगूमावशी, सिनेमा सापडला. बाबांचा, पुरा.”

गंगुबाई सुपातले तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“मी हाय त्यात?”

“शेवटी तर तुम्हीच आहात.”

“मग सगळ्यांना घेऊन येते,” ती म्हणाली. “ज्ये हसले त्यांना आधी.”

रत्नागिरीच्या नाट्यगृहात रविवारी दुपारी खेळ लागला. अंजनवेलहून दोन गाड्या भरून लोक आले. पडद्यावर तरुण गंगुबाईने ओल्या केसांच्या पोरीसमोर पान मांडलं, तिच्याकडे पाहत भात कालवला आणि ती म्हणाली, “दमलीस ना गो? जेव.” त्या पोरीने पहिला घास घेतला, तेव्हा सभागृहात कोणी हललं नाही. उमाला उमगलं. बाबांना हेच हवं होतं. आधी भीती, मग त्या भीतीचीच माया.

दिवे लागले. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. उमाने गंगुबाईला हात धरून मंचावर नेलं. कोणीतरी माइक पुढे केला. म्हातारीने पदर सारखा केला आणि ती ताठ उभी राहिली.

“केळकरसाहेब मला म्हनले व्हते, बाय, रडायचा नाय, नुसता वाढ. मी तसाच केला. चांगला केला ना?”

“लय भारी!” अंजनवेलची माणसं एका आवाजात ओरडली.

उमा शेजारी उभी राहून मोठ्याने टाळ्या वाजवत होती.