पाखरांखालची खोली

आमच्या घरात वरच्या मजल्यावर पाखरं राहतात आणि खाली माणसं. हे उलटं असायला हवं, असं मी माझ्या नवऱ्याला, जम्हुरीला, तेव्हाच ऐकवलं होतं. पण या माणसाच्या डोक्यात एकदा एखादं खूळ शिरलं की ते आपल्या पायानंच बाहेर यावं लागतं. त्याआधी कोळंबीचं तळं झालं होतं, काळी मिरी झाली होती, दोन्हीत हात पोळले होते. आता पाखरं.

तेव्हा नदीच्या मुखाशी असलेल्या आमच्या गावात ज्याला त्याला वालेट पाळायची हाव सुटली होती. ही चिमुकली काळी पाखरं लाळेनं घरटं बांधतात आणि त्या घरट्याचं सूप पिणारी श्रीमंत माणसं कुठेतरी लांब राहतात. पाळायची म्हणजे पिंजऱ्यात नव्हे. वरच्या मजल्याच्या खिडक्या विटांनी बुजवायच्या, पाखरांना जायला-यायला एक भोक ठेवायचं आणि आतली जमीन सतत पाण्यानं भिजती ठेवायची, म्हणजे त्यांना गुहेत आल्यासारखं वाटतं. छपरावर भोंगा लावायचा. त्यातून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत किलबिलाटाची टेप. ती ऐकून खरी पाखरं येतात म्हणे.

त्या वरच्या मजल्यावर माझी सासू राहायची. तिला आम्ही दोघंही माक म्हणायचो, म्हणजे आईच. जम्हुरीनं तिला खाली यायला सांगितलं, ती आली. फक्त खालच्या एकुलत्या एक खोलीत तिनं आपली खाट वरच्या जुन्या जागेच्या बरोबर खाली लावून घेतली. आम्ही दोघं पुढच्या दुकानात, तांदळाची पोती बाजूला सारून झोपायला लागलो.

दीड वर्ष एक पाखरू फिरकलं नाही. मग एका संध्याकाळी चार-पाच आली, आणि महिनाभरात थवाच्या थवा भोकातून आत शिरायला लागला. जम्हुरी रस्त्यात उभा राहून मान मोडेपर्यंत वर बघायचा. आणि त्याच सुमाराला माकच्या खोलीच्या छताला, अगदी खाटेच्या वर, पहिला डाग पडला.

चहा सांडल्यासारखा तो डाग होता. मी स्टुलावर चढून बोट लावलं तर प्लायवूड लोण्यासारखं दबलं आणि माझ्या मनगटावरून थंड पाणी कोपरापर्यंत आलं. वास घेऊन बघितला. पाखरांची घाणही होती त्यात.

मी वाक देरामानला बोलावून आणलं. तो गावातला जुना सुतार, माझ्या सासऱ्यांचा मित्र, म्हणून तो आमचा वाक, थोरला काका. त्यानं मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"वरच्या फळ्यांच्या फटी उघड्या पडल्यात. पाणी फटीतून प्लायवर उतरतंय. आतल्या पट्ट्याही कुजल्या असणार. वरून डांबर भरायचं आणि खाली नवं छत ठोकायचं. दोन दिवसांचं काम आहे."

"ठोकायचं?" जम्हुरीनं कुजबुजत विचारलं. पाखरं आल्यापासून तो कुजबुजतच बोलायचा.

"मग काय, फुंकर मारून बसवू?"

"स्क्रूनं नाही जमणार, वाक?"

"तुझ्या आजानं घातलेलं लाकूड आहे हे. आधी ड्रिल मारल्याशिवाय स्क्रू आत जाणार नाही, आणि ड्रिल हातोड्यापेक्षा जास्त बोंबलतो."

जम्हुरीचा चेहरा पडला. त्याला भोंगा आणि टेप विकणारा आलियोंग म्हणून एक जाणकार होता. त्यानं पढवून ठेवलं होतं की घरट्यात अंडी-पिल्लं असताना घरात ठोकाठोक झाली, रडारड झाली, तर सगळा थवा उठतो आणि शेजारच्या घरी जाऊन बसतो. परत म्हणून येत नाही. आमच्या शेजारीही पाखरांचं घर होतं आणि ते रिकामं होतं, त्यामुळे जम्हुरीची झोप उडाली होती.

"एवढी पिल्लं उडू देत," तो म्हणाला. "मग लगेच करू. शब्द देतो."

वाक देरामाननं माझ्याकडे बघितलं आणि पेटी उचलली.

पिल्लं उडाली. पण तोवर दुसऱ्या घरट्यांत अंडी आली होती. ती उडाली तेव्हा तिसऱ्या. पाखरांचं ते काही थांबेना आणि आमचं काही सुरू होईना. छताचा डाग पसरत पसरत खिडकीपर्यंत गेला. मधोमध प्लाय फुगून खाली आलं, गरोदर बाईच्या पोटासारखं. कडेनं काळी बुरशी धरली. माकच्या नमाजाच्या कपड्यांना, चटईला, उशीला, सगळ्याला ओला कुबट वास. मी छताखाली प्लास्टिकचा कागद ताणून बांधला, त्याला एका बाजूनं उतार दिला आणि खाली बादली ठेवली. टप, टप, टप. जम्हुरीला त्या आवाजाचीही धास्ती. त्यानं बादलीत फडकं घातलं.

मी एकदा त्याला धरलाच. आमच्याकडे बायको नवऱ्याला बांग म्हणते, दादा म्हणावं तसं.

"छपरावर तुमचा भोंगा दिवसभर कोकलतो, बांग, ते पाखरांना चालतं. हातोडा तेवढा चालत नाही?"

"भोंग्यातून त्यांचाच आवाज येतो, मिनी. हातोडा परका."

"आणि खाली कोण झोपलंय? ती परकी का?"

"हळू बोल," तो म्हणाला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की हातातला भाताचा डाव मी त्याला फेकून मारणार होते. पण डाव आदळला असता, आवाज झाला असता. मीसुद्धा त्या आवाजाचा विचार केला आणि डाव खाली ठेवला. त्या घरानं आम्हाला असं करून टाकलं होतं.

माकला खोकला लागला. आधी कोरडा, मग छातीतून खरवडून येणारा. मी तिला म्हटलं, "तुम्ही दुकानात झोपा, माक. आम्ही दोघं इथे येतो."

"दुकानात? गिऱ्हाइकं येऊन मला बघतील, तेल मागतील की माझी तब्येत विचारतील?" ती हसली आणि हसता हसता खोकत सुटली. "ही माझी जागा आहे. वर होते तेव्हाही इथेच होते."

संध्याकाळी पाखरं परतायची वेळ झाली की माक उशाखालून आपला डोक्याचा जुना रुमाल काढायची आणि त्याची घडी तोंडावर दाबून धरायची. खोकला आला की तिचं सगळं अंग गदगदायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज बाहेर यायचा नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. निदान माझ्यासमोर तरी नाही. जम्हुरी तेव्हा रस्त्यावर उभा राहून पाखरं बघत असायचा.

एका संध्याकाळी मला ते बघवेना. मी उठले. म्हटलं, "उद्या वाक देरामानला आणते. पाखरं मरोत."

माकनं माझा हात धरला. तिच्या हातात पकड राहिली नव्हती, पण तिनं धरला.

"थांब जरा. कोळंबी मेली. मिरी वाळली. लोक त्याला हसले. माझ्यासमोर हसले, मिनी. त्याच्या हातून पहिल्यांदा काहीतरी घरात आलंय. ते माझ्या खोकल्यापायी जायला नको."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातेय? वर पाखरं, खाली मी. मला त्यांची सोबत होते."

मी परत खाली बसले. तिचा लेक, तिचं छत. पण राग माझा होता, तो कुठे ठेवायचा ते मला कुणी सांगितलं नाही.

वारे फिरले आणि पावसाचे दिवस आले. आता वरूनही पाणी, आतूनही पाणी. दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, छातीत पाणी झालंय, कोरड्या जागेत ठेवा. कोरडी जागा! आमच्या घरात काड्यापेटीतली काडी पेटत नव्हती. मग मी विचारत बसले नाही. जम्हुरीला पायांकडून धरायला लावलं आणि माकला खाटेसकट दुकानात आणलं. तिनं एकदा डोळे उघडून दुकानाच्या कोरड्या छताकडे पाहिलं, जणू परक्याच्या घरी आल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आणि जम्हुरीनं टाहो फोडला. पाखरं आल्यापासून कुजबुजणारा तो माणूस जमिनीवर बसून गुरासारखा ओरडत होता. "माक! माक गं!" रस्त्यापलीकडची माणसं धावत आली. बायका आल्या, त्यांनी याला धरलं, त्याही रडल्या. मशिदीच्या भोंग्यावरून माकचं नाव सांगितलं गेलं. पाऊस होता म्हणून वाक देरामान आणि चार जणांनी अंगणात ताडपत्रीचा मांडव घातला. त्याचे वासे आमच्याच भिंतीला ठोकले. दाण दाण दाण. भिंत हादरत होती, दुकानातल्या बरण्या खणखणत होत्या. छपरावरची टेप कुणीतरी बंद करून टाकली.

पाखरांची आठवण कुणालाच नव्हती. मला होती. माकला आंघोळ घालताना, तिच्या पातळ केसांवरून पाणी सोडताना, मी प्रत्येक घावाचा आवाज ऐकत होते. मनात म्हणत होते, जा. एकदाची जा सगळी. तिच्याबरोबरच जा.

दुपारच्या नमाजानंतर माकला पुरलं. परत आलो तेव्हा पाऊस थांबला होता. मांडवात माणसं चटयांवर बसली होती, कुणी कॉफी देत होतं, संध्याकाळच्या प्रार्थनेला अवकाश होता. जम्हुरी भिंतीला टेकून बसला होता, डोळे सुजलेले, लुंगी चिखलानं माखलेली.

मग आकाशात एक ठिपका दिसला. मग दहा. मग नदीवरून सगळा थवा आला, घरावर एक फेरी मारली, आणि रोजच्यासारखी एक एक करत पाखरं भोकातून आत शिरली. टेप बंद होती तरी आली. भिंतीला ठोकलेल्या वाशांवरून, माणसांच्या डोक्यांवरून गेली. एकही शेजारच्या घरी गेलं नाही.

जम्हुरी वर बघत राहिला. त्याचं तोंड उघडंच होतं. मी त्याच्याकडे बघत होते, आणि काय झालंय ते त्याला कळलेलं मला दिसलं. वाक देरामाननं मान खाली घातली. माकचं छत कशाच्या भीतीनं अडलं होतं, ते आम्हा तिघांनाच माहीत होतं.

जम्हुरी उठला. वाकच्या पेटीतून त्यानं हातोडा घेतला.

"आज राहू दे, जम्हुरी," वाक म्हणाला. "मी येतो ना उद्या. बाबा, राहू दे."

तो माकच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले. खाट नव्हती, तिच्या चार पायांच्या खुणा जमिनीवर होत्या. त्यानं प्लास्टिकचा कागद ओढून काढला आणि छतावर हातोडा घातला. भिजलेलं प्लाय एका घावात खाली आलं, त्याच्यासोबत काळं पाणी, कुजलेल्या पट्ट्या, बुरशीचा धुरळा. तो घालतच राहिला. वर, फळ्यांच्या पलीकडे, पाखरं निवांत किलबिलत होती.

मला त्याची कीव आली. राग गेला नाही, पण कीवही आली. मी त्याला थांबवलं नाही.

धुरळा घशात गेला आणि मला खोकला आला. भिंतीच्या कडेला माकचा रुमाल पडला होता, अजून घडी केलेला. मी तो उचलून सवयीनं तोंडावर दाबला. मग काढला, आणि मोठ्यानं खोकले. तिच्या वाटचंही खोकले.