कात्री हातात असताना

थोरल्या सुनेला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे हलत होते आणि दुकान मात्र बसत चाललं होतं. लोक तयार कपडे घेऊ लागले होते आणि मामंजींच्या डोळ्यांना खडूची रेघ दिसेनाशी झाली होती. शिंपीकामाचा सगळा भार धाकट्या सुनेवर आला होता. तिला सगळं घर धाकटीच म्हणायचं. तिचा नवरा ट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. अशात कोटांच्या कारखान्यात कापड कापणाऱ्याची जागा निघाल्याचं कळलं. ती मिळाली तर घर सावरणार होतं. नाही मिळाली तर पुढे काय, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

कापण्यात धाकटीचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. मामंजींनीच तिला तयार केलं होतं आणि त्यांचा एकच कडक नियम होता. कात्री हातात असताना तोंड बंद. तरुणपणी गप्पांच्या नादात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. तेव्हापासून, दुकानाला आग लागली तरी आधी कात्री खाली ठेवायची आणि मग ओरडायचं.

कारखान्यात लांबलचक टेबलावर मखमल पसरून ठेवली होती. पलीकडे मॅनेजर आणि कारखान्याचे म्हातारे कटिंग मास्तर. धाकटीनं कापडावरून तळहात फिरवला, लव कुठल्या बाजूला पडते ते पाहिलं, खडूनं आखलं आणि कात्री उचलली.

“सगळे भाग एकाच दिशेनं का मांडलेत?” मास्तरांनी विचारलं.

धाकटी गप्प.

“आणि बाही जोडायचा मुंढा इथून का वळवला?”

धाकटी गप्पच. उत्तरं सगळी ओठावर होती, पण हात चालू होता ना. मॅनेजर मास्तरांच्या कानाशी लागला. मास्तरांनी आणखी काही विचारून पाहिलं, मग तेही थांबले. शेवटचा तुकडा सुटला तशी धाकटीनं कात्री खाली ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, “हं, आता विचारा.”

मॅनेजरला हसू आवरेना. मास्तर हसले नाहीत.

“बाई, हात चांगला आहे तुमचा,” ते म्हणाले. “पण या टेबलाभोवती नव्या बायका शिकायला उभ्या राहतात. त्यांनी विचारलं आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, तर त्या शिकणार कशा? आम्हाला बोलणारं माणूस हवं.”

घरी येऊन धाकटीनं सगळं सांगितलं, तेव्हा मामंजी उलट खूश झाले. “बरोबर केलंस. कापताना बडबडणारा एक तरी धड शिंपी मला दाखव.”

“दाखवते की,” सासूबाई आतून म्हणाल्या. “तो मास्तर. त्याचा कारखाना चाललाय. आपलं दुकान बसलंय.”

मामंजी त्या दिवशी जेवायला उठले नाहीत. रात्रभर काय विचार केला कोण जाणे, पण सकाळी त्यांनी फाटक्या चादरींचा गठ्ठा धाकटीपुढे टाकला आणि समोर मांडी घालून बसले.

“काप. मी विचारतो. बोलत बोलत काप.”

“मामंजी, तुमचा नियम?”

“नियम माझा आहे. मी मोडीन नाहीतर ठेवीन.”

पहिल्या दिवशी धाकटीनं गळा असा कापला की त्यातून दोन डोकी सहज गेली असती. सासूबाई तोंडाला हात लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी हात जरा सावरला, पण निराळीच अडचण निघाली.

“पाठीला बोटभर जास्त का सोडलंस?” मामंजींनी विचारलं.

“तुम्ही सोडता म्हणून.”

“आणि मी का सोडतो?”

“ते तुम्हीच सांगा.”

मामंजी डोकं खाजवत बसले. “माझे वडील सोडायचे,” ते शेवटी म्हणाले.

धाकटीच्या तेव्हा ध्यानात आलं. मुलाखतीत ती नुसती नियमापायी गप्प राहिली, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण बोलली असती तरी अर्ध्या प्रश्नांना तिच्यापाशी ‘आमच्याकडे असंच करतात’ याखेरीज उत्तर नव्हतं. हाताला येत होतं, ते डोक्याला ठाऊक नव्हतं. तिनं पाठीला काही न सोडता एक कोट कापला, शिवला आणि मामंजींच्या अंगात घातला. मामंजींनी चष्मा घ्यायला दोन्ही हात पुढे केले आणि पाठ टर्रकन उसवली.

“कळलं,” मामंजी म्हणाले. “माझे वडील शहाणे होते.”

मग तो नादच लागला दोघांना. मुद्दाम चुकीचं कापायचं, घालून पाहायचं, कुठे ओढतं, कुठे फुगतं, ते बोलायचं. सासूबाई म्हणाल्या, “या घरात इतकी वर्षं बोलायची चोरी होती. आता झोपायची चोरी झाली.”

काही महिन्यांनी कळलं की कारखान्यात घेतलेला माणूस काम सोडून गेला. धाकटी बोलावण्याची वाट न बघता जाऊन उभी राहिली.

“पुन्हा तुम्ही?” मॅनेजर म्हणाला.

“पुन्हा मीच. टेबल कुठलं?”

मास्तरांनी मशीनवरच्या दोन बायका बोलावल्या. “यांना शिकवा.”

धाकटीनं कात्री उचलली. “हात लावून बघा. लव इकडे पडते. एक भाग उलटा मांडलात तर कोट अर्धा उजळ आणि अर्धा काळवंडलेला दिसेल. आता इथे मुंढा. साहेब, तुमचा कप कापडावर आहे, तेवढा उचला. हं, तर मुंढा.” कात्री कुठे अडली नाही. मॅनेजरनं मुकाट्यानं कप उचलला. एका बाईनं विचारलं, जाड अस्तर असेल तर काय करायचं?

“ते मी कधी केलं नाही,” धाकटी म्हणाली. “अस्तर आणा. दोन तऱ्हांनी कापू, बघू कुठलं बसतं.”

मास्तरांनी मॅनेजरकडे पाहिलं. “सोमवारपासून येऊ दे यांना,” ते म्हणाले.

धाकटी घरापर्यंत जवळपास पळतच आली. तिच्या पहिल्या पगारानंतर एके दिवशी मामंजींनी हट्ट धरला की मला कारखान्यात ने. त्यांना दिसत जवळपास काहीच नव्हतं. ते दाराशी स्टुलावर बसून राहिले. मशिनींच्या घरघरीवर धाकटीचा आवाज चढत होता. कोणाला समजावत होती, कोणाला झापत होती, आणि मधे मधे कात्रीची करकर. ते सुट्टी होईपर्यंत हलले नाहीत. रखवालदारानं विचारलं, “आजोबा, कोण हवंय?”

“कोणी नको,” मामंजी म्हणाले. “आमची सून बोलतेय, ते ऐकतोय.”

पुढल्या वर्षी, मार्च महिन्यात, मामंजी वारले.