तेवढा नंबर सांगा, वहिनी

ती प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होती, तेव्हा धाकट्या दिराचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच लाडीक.

"वहिनी, तुमच्या मोबाईलवर चुकून माझा ओटीपी आला असेल. तेवढा नंबर पटकन सांगा ना."

"तुझा ओटीपी माझ्याकडे कसा?"

"अहो, मागे कुठेतरी तुमचा नंबर दिला होता. सांगा लवकर, वेळ संपेल."

तिने हातमोजे काढून मेसेज उघडला. आकडे वाचणार तोच नजर खालच्या ओळीवर गेली. तिच्याच क्रेडिट कार्डावर कुणीतरी महागडा मोबाईल घेत होतं.

"वहिनी? ऐकताय ना?"

तिने फोन कट केला आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन लावला.

"कार्ड बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"हरवलंय का, मॅडम?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही, हातातच आहे."

"मग कुणीतरी दोन्ही बाजूंचे फोटो काढले असणार."

तिला मागचा रविवार आठवला. जेवणं झाल्यावर ती भांडी घासत होती. बाहेरच्या खोलीत जेवायला आलेला दीर एकटाच होता, आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीला तिची पर्स अडकवलेली होती. नंतर स्वयंपाकघरात येऊन तो म्हणाला होता, "वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे!"

रक्त, थुंकी, लघवी यांत दिवस काढणाऱ्या तिला एरवी कशाचीच किळस वाटत नसे. आता मात्र स्वतःचीच पर्स उचलायला तिने पुन्हा हातमोजे घातले. जेवलेल्या बोटांनी त्याने पर्सची चेन उघडली होती. तिचा रुमाल, तिच्या गोळ्या चाचपल्या होत्या.

संध्याकाळी तो सफरचंदं घेऊन हजर. "गंमत केली हो. पैसे भरणारच होतो मी."

"झालं गेलं विसर गं," सासूबाई म्हणाल्या. "घरातलं घरात राहू दे."

नवऱ्याने टीव्हीवरची नजरही काढली नाही. "तू तरी पर्स अशी उघड्यावर का टाकतेस?"

"माझ्याच घरात?"

दीर सफरचंद पुसून खायला लागला. त्याचं ते मचमच चावणं तिला ऐकवेना. ती उठली, चपला घातल्या आणि थेट पोलीस चौकीत जाऊन तक्रार दिली. नवरा आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. तिलाही त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

पोलिसांनी दिराचा मोबाईल तपासला. त्यात आणखी कार्डांचे फोटो निघाले. मित्राचं होतं, शेजाऱ्याचं होतं, आणि एक खुद्द सासूबाईंचं, ज्याच्या खात्यात त्यांची पेन्शन जमा व्हायची.

ते कळल्यावर सासूबाईंनी कपाटातून आपलं कार्ड काढलं. मग तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "माझं कार्ड बदलून घ्यायला येशील माझ्यासोबत?"

ती गेली. बँकेच्या रांगेत सासूबाईंनी तिचा हात धरला. "लहानपणी असा नव्हता गं तो."

"आई, त्याचं नाव नका काढू," ती म्हणाली. "मला मळमळतं."