नादुरुस्त नसलेला मीटर

मी मीटर बोलतोय. विजेचा नव्हे, टॅक्सीचाही नव्हे. त्यांना लोक निदान रोज शिव्या तरी घालतात. मी पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो. मुठीएवढा पिवळा डबा, हातभर वायर आणि टोकाला एक नळी, एवढाच माझा संसार. सध्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात पडून आहे आणि कपाळावर चिठ्ठी आहे, ‘नादुरुस्त’. ती चिठ्ठी साफ खोटी आहे.

विज्ञानाच्या बाईंनी मला आठवीतल्या चार मुलींच्या हाती सोपवलं. दर शनिवारी ओढ्यावर जायचं, मला पाण्यात बुडवायचं, आकडा वेबसाइटवर भरायचा, महिनाअखेर आलेख काढायचा. पाणी चांगलं असलं की नकाशावर हिरवा ठिपका. चौघींतली एक इतकी काटेकोर की वर्ग तिला ‘मोजपट्टी’ म्हणायचा. ओढ्याच्या खालच्या अंगाला तिच्या बाबांच्या माशांच्या टाक्या होत्या. दर रविवारी ते अर्धं पाणी काढून ओढ्याचं ताजं पाणी घेत, पण आधी फोनवर ठिपका बघत. “लेकीनं मोजलंय,” असं शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत.

पहिले दोन महिने माझे सुखाचे गेले. मग चिखल झाला, मग परीक्षा आली, मग नुसताच कंटाळा.

“अगं, दर वेळी आठच्या आसपासच येतं ना? टाक की सात पूर्णांक आठ!”

चौघी सोफ्यावर बसून आकडे भरू लागल्या. सारखेच दिसायला नकोत म्हणून कधी सात पूर्णांक सहा, कधी सात पूर्णांक नऊ. खोटं बोलताना माणसं दशांशाची किती काळजी घेतात! मोजपट्टीही त्यांच्यातच होती. मी तिच्या दप्तरात कोरडा पडून ऐकत होतो, सलग दहा शनिवार.

अकराव्या शनिवारी तिला राहवलं नाही. मला घेऊन एकटीच ओढ्यावर गेली. मी आकडा दाखवला, दोन पूर्णांक एक. तिने मला पुसलं, ओल्या फडक्यात धरून हवेतला ठरलेला आकडा येतो का ते तपासलं. मी चोख होतो. पुन्हा बुडवलं, पुन्हा तेच. ओढ्याच्या वरच्या अंगाला कोणी काय सोडलं होतं ते मला ठाऊक नाही, पण त्या पाण्यात मासा तगला नसता. तिने आकडा भरला. वेबसाइट म्हणाली, ‘मागच्या दहा नोंदींशी जुळत नाही. साधन तपासा.’ ठिपका हिरवाच राहिला.

तिने बाईंना फोन केला. “इतके आठवडे पाणी छान होतं ना गं? मग एकदम कसं बिघडेल? मीटरच गेला असणार.”

दहा थापांनी मिळून मला खोटं पाडलं.

रविवारी सकाळी बाबा टाकीपाशी उभे होते. मी तिच्या हातात होतो.

“बाबा, मीटर दोन दाखवतोय.”

“बाई काय म्हणाल्या?”

“मीटर बिघडलाय म्हणाल्या.”

“आणि तुमची वेबसाइट?”

“हिरवी आहे.”

एक वाक्य पुरलं असतं, ‘ते आकडे आम्ही मनानेच भरलेत.’ ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती माझी वायर गुंडाळत राहिली. बाबांनी ओढ्याच्या पाण्याचा नळ सोडला.

संध्याकाळपर्यंत सगळे मासे पोट वर करून तरंगू लागले. मग तिने रडत रडत सगळं सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. “सकाळी सांगायचंस ना, बाळा,” एवढंच म्हणाले आणि जाळी घेऊन मेलेले मासे काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंनाही सांगितलं. बाई म्हणाल्या, “आपल्या प्रकल्पाला बक्षीस जाहीर झालंय गं. आता राहू दे.” त्यांनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली आणि माझी बॅटरी काढून भिंतीवरच्या घड्याळात घातली.

परवा मोजपट्टी कपाटासमोर उभी राहून मैत्रिणीला म्हणाली, “बाबा आता फोन बघत नाहीत. मलाही काही विचारत नाहीत.” काचेतून माझ्याकडे बघायचं तिने टाळलं. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते.

माझी एकच विनंती आहे. मला दुरुस्त करू नका, मी बिघडलेलोच नाही. दर शनिवारी आता दुसऱ्याच चार मुली घरबसल्या नोंद भरतात. ठिपका हिरवा होतो आणि ‘साधन’ या रकान्यात अजून माझाच क्रमांक झळकतो. तेवढा तरी तिथून खोडा.